सतरावी फासळी

शेवंता कुबलने होडी ओढली. एकटीने ओढली, चिखलातून ओढली, पाण्याच्या कडेपासून केवड्याच्या बनापर्यंत ओढली. सतराच्या सतरा फासळ्या आपापल्या जागी राहिल्या, आणि डोंबिवलीतलं सहाव्या मजल्यावरचं घर हरलं.

हे झालं. आता हे झालंच नाही, असं समजू या. ज्यांनी वाचलं त्यांनी न वाचल्यासारखा चेहरा करावा. कारण होडी अजून व्हायची आहे. होडीचं लाकूड अजून झाडात आहे, झाड अजून रानात आहे, रान अजून धुक्यात आहे, आणि धुकं अजून कुणाच्याच मालकीचं नाही.

पौषातलं धुकं ते. क्षीरशुभ्र, मंदगामी, खाडीच्या नीलनिद्रेवर कुणी हलक्या हाताने पांघरूण घालावं तसं. त्याच्याखाली पाणी श्वास घेत होतं. आत घेतलेला श्वास भरती, बाहेर सोडलेला श्वास ओहोटी. आणि दोन श्वासांमधल्या त्या निश्चल, काचवर्णी क्षणात एक बगळा एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचा विचार करत होता.

धुक्याच्या अलीकडे तारीवाडी. धुक्याच्या पलीकडे पेठवाडी. मध्ये पाऊण मैल पाणी, आणि त्या पाण्यावर गेली एकतीस वर्षं शेवंताची होडी: अल्याडची माणसं पल्याड नेणारी, पल्याडची माणसं अल्याड आणणारी, आणि कोण कुठलं हे कधीही न विचारणारी.

वर, चार कोसांवर, पूल झाला होता. पूल मोठा होता, करडा होता, आणि फार लांब होता. म्हणून होडीला अजून उतारू होते. दोन शिक्षिका, एक पोस्टमन, पलीकडचा चहा बरा असतो एवढ्याच कारणाने रोज खाडी ओलांडणारे एक निवृत्त तलाठी, आणि अधूनमधून एखादा बोकड, ज्याच्याकडे परतीचं तिकीट नसे.

पण होडी जड होती. उंडीच्या वाकड्या फांद्या शोधून, त्यांच्या निसर्गदत्त वळणांतून कोरलेल्या मांडीएवढ्या जाड फासळ्या तिच्या पोटात होत्या. ती होडी नव्हती, पाण्यात उतरलेली म्हैस होती: कृष्णवर्णी, कृतार्थ, आणि बाहेर यायला नाखूष.

आणि रोज संध्याकाळी तिला बाहेर यावंच लागे. या खाडीचा कायदा साधा आहे. भरतीच्या रेषेच्या वर जे राहिलं ते तुमचं. खाली जे राहिलं ते खाडीचं. अपील नाही.

भाद्रपदात एका ताम्रवर्णी संध्याकाळी होडी चिखलात अर्ध्यावर थांबली. शेवंताचा उजवा खांदा तिच्या आधीच थांबला होता. शेवंता होडीला टेकून बसली. पाणी आलं. घोट्याशी आलं, गुडघ्याशी आलं, कमरेशी आलं. आणि ती बसूनच राहिली, कारण होडी सोडून घरी जायची रीत तिला कुणी शिकवली नव्हती. पोस्टमनने पाहिलं. चार माणसं धावली. होडी वर आली, शेवंता वर आली, आणि बातमी त्या दोघींच्याही वर, थेट डोंबिवलीला, सहाव्या मजल्यावर गेली.

सहाव्या मजल्यावर तिचा मुलगा उल्हास राहतो. त्याच्या गॅलरीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

"आई, तुला पाण्याशिवाय करमत नाही ना," तो फोनवर म्हणाला, "इथून रोज दिसेल."

शेवंताने फोन दुसऱ्या कानाला लावला. तो विनोद करत नव्हता, हे तिला कळलं होतं. त्या आवाजात कमरेएवढं पाणी होतं.

"शिमग्याला येतो मी," तो पुढे म्हणाला. "तू एकटीने होडी वर ओढून दाखव. कुणाचा हात नाही, कुणाचा दोर नाही. ओढलीस तर राहा, मी परत विषय काढणार नाही. नाही ओढलीस तर चल माझ्याबरोबर. दोन तिकिटं काढून ठेवतो."

"काढ," शेवंता म्हणाली. "एक तुका. दुसरा कोणाक, ता मगे बघू."

म्हणून कार्तिकातच ती बुधाजी मेस्त्रीच्या मांगराशी, त्याच्या कामाच्या झोपडीशी, जाऊन उभी राहिली. बुधाजी होड्या बांधतो. वय सहासष्ट, मिशी त्याहून जुनी वाटते. दोघं दुसरीपर्यंत एका बाकावर होती. पुढे तिला खाडी मिळाली, त्याला लाकूड तासायचा वाकस मिळाला, आणि त्या बाकाचं काय झालं याची नोंद उपलब्ध नाही.

"बुधा, माका हलकी होडी होयी. माझ्या खांद्याएवढी."

"खांदो केवढो?"

"होतो, तेच्या अर्धो."

बुधाजीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला ती होडी दिसली: कृशांगी, लघुभारा, शेंगेसारखी पोकळ, पानासारखी हलकी. तरुणपणी दोन वर्षं तो मुंबईच्या एका गोदीत होता. तिथे शर्यतीच्या होड्या बनत, आणि त्यांच्या फासळ्या अंगठ्याएवढ्याच जाड असत. त्या झाडाच्या वळणातून कोरायच्या नसत. सरळ पट्टी वाफेच्या पेटीत कोंडायची, तासाभराने बाहेर काढायची, आणि ती तापलेली, विरघळल्यासारखी झालेली असतानाच होडीच्या पोटात दाबून बसवायची. थंड झाली, की ती त्या वळणाची होऊन जाते. सरळपण विसरते. माहेर विसरते.

बुधाजीला वाफ माहीत होती. पेटी माहीत होती. वाकवणं माहीत होतं. एकच गोष्ट माहीत नव्हती. गोदीत पट्ट्या तयार येत. त्या कुठल्या झाडाच्या, कशा निवडलेल्या, कुणी निवडलेल्या, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आणि आपल्याला हे माहीत नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो अत्यंत शांत होता.

पौष आला तेव्हा फणसाच्या पातळ फळ्यांचं टरफल तयार होतं. पीतवर्णी, सुगंधी, आतून रिकामं. मांगरात ते उलगडलेल्या ओंजळीसारखं पडून राही. त्यात फासळ्या नव्हत्या. फासळ्यांशिवाय होडी म्हणजे होडीची इच्छा फक्त.

आता होडी बांधणाऱ्यांच्या जगात सुकं लाकूड म्हणजे आब. पाहुण्याला ताजा चहा द्यावा, होडीला जुनं लाकूड द्यावं. बुधाजीच्या माळ्यावर सव्वीस वर्षं वाळवलेला साग होता: सुवर्णगर्भ, तैलगंधी, टिचकी मारली तर घंटेसारखा बोलणारा. तो त्याने स्वतःच्या घराच्या दरवाजासाठी ठेवला होता. त्यामुळे सव्वीस वर्षं त्या घराला दरवाजा नव्हता, गोणपाट होतं. तो साग त्याने शेवंतासाठी खाली उतरवला. याहून मोठा मान त्याच्याकडे नव्हता, आणि याहून मोठी चूकही.

उकडा तांदूळ करायचा तांब्याचा हंडा चुलीवर चढला. त्याच्या तोंडाला लांबट लाकडी पेटी जोडली गेली, फटी काथ्याने बुजल्या, आणि श्वेतकेशी, फूत्कारिणी वाफ पेटीत शिरली. तासाभराने बुधाजीने सागाची पहिली पट्टी उचलली, टरफलात धरली, दाबली.

कडाड्.

"वाफ कमी पडली," बुधाजी म्हणाला.

दुसरी. कडाड्. "वाफ जास्त झाली." तिसरी. कडाड्. "हंडो वायच तिरको आसा." चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक मोडीचा आवाज खाडीवरून पेठवाडीला जाई आणि थोडा विचार करून परत येई. सातवी मोडली तेव्हा बुधाजीने दोष कुणावर टाकावा म्हणून सभोवार पाहिलं. मांगरात फक्त शेवंता होती. ती सुके बोंबील निवडत बसली होती.

तिने एक बोंबील उचलला, दोन्ही टोकं धरली, वाकवला. तोही मोडला. तसाच आवाज, लहान प्रमाणात.

"बुधा, सुको बोंबील कदी वाकता काय रे?"

"नाय."

"आणि ताजो?"

बुधाजीने हातातली मोडकी पट्टी खाली ठेवली. ताज्या बोंबलाला वाकवावं लागत नाही. तो मुळात उभाच राहत नाही. सव्वीस वर्षांचा घंटानादी, राजस, निर्जल साग जमिनीवर चौदा तुकड्यांत पडला होता, आणि त्याच्या शेजारी दोन तुकड्यांत बोंबील. दोघांचा गुन्हा एकच. दोघांतलं पाणी गेलं होतं.

"सव्वीस वर्सां," बुधाजी हळू आवाजात म्हणाला.

"दरवाजो कर आता," शेवंता म्हणाली. "लहानसो होयत."

मग बुधाजीने ओलं लाकूड आणलं. सॉमिलमधून, ऐनाचं, तीन दिवसांपूर्वी तोडलेलं, सरळसोट कापून आणलेलं. पट्टी वाकू लागली. बुधाजीची मिशी वर जाऊ लागली. आणि अर्ध्या वळणावर पट्टीच्या पाठीतून एक कपची उठली, लांब, तिरकी, सावकाश, जणू लाकडाला काहीतरी सांगायचं होतं आणि ते आता आठवलं होतं.

ती कपची त्याने उजेडात धरली. पाहत राहिला. करवतीने सरळ रेघ ओढली होती, पण लाकडाचे धागे त्या रेघेने चाललेच नव्हते. ते आपल्या वाटेने तिरके निघाले होते. जिथे करवतीने धागा कापला, तिथे फासळी फाटली. करवत हुकूम सोडते. पाचर विचारते. पाचर ठोकली तर लाकूड स्वतःच्या धाग्याने दुभंगतं, आणि धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो.

म्हणजे ओलं हवं. करवतीने न कापता पाचरीने फाडलेलं हवं. आणि फाडल्यावर सरळ निघेल असं, सरळ धाग्याचं, बिनगाठीचं, अंगात मुरड घेऊनही न चिडणारं झाड हवं. बुधाजीने एकापाठोपाठ एक झाडं मनात उभी केली. आंबा ठिसूळ. फणस आधीच फळ्यांत गुंतलेला. शिवण गोड, पण कणा नाही. माडाचा विचार त्याने केला आणि स्वतःच्या मनात कुणी ऐकलं तर नाही ना, हे तपासलं.

उत्तर सापडेना म्हणून तो पेठवाडीच्या दुसऱ्या एका मेस्त्रीला विचारायला निघाला. जायचं कसं, तर शेवंताच्या होडीतून.

खाडी त्या सकाळी मयूरकंठी होती. शेवंता मागच्या टोकाला उभी राहून वल्हं मारत होती. वल्हं पाण्यात शिरे, ताणे, धनुष्यासारखं वाके. आणि पाण्यातून निघताना पुन्हा सरळ होई, जणू काही झालंच नाही. वाके, सरळ होई. वाके, सरळ होई. एकतीस वर्षं. बुधाजी त्या वल्ह्याकडे बघत राहिला, मग वल्ह्याच्या मुठीकडे, मग मुठीवरच्या तिच्या हाताकडे, मग पुन्हा वल्ह्याकडे.

"शेवंते, ह्या वल्ह्याचा लाकूड कसला?"

"धामणीचा. सासऱ्यान केलेला. कित्या?"

"होडी फिरव."

"पेठवाडीक जावचा नाय?"

"नको. जाऊन येलंय."

निवृत्त तलाठी होडीत होते. त्यांचा चहा बुडाला. त्यांनी याची तोंडी नोंद घेतली.

डोंगरउतारावर बुधाजीच्या बांधाला धामणीची तीन झाडं होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं वर गेली. धुकं तिथेही होतं, पण निराळं: खाडीवरचं धुकं झोपलेलं, डोंगरावरचं चालतं. ते झाडाझाडांतून फिरत होतं, पानापानाला ओलं करत होतं, आणि पानांवरून ठिबकलेलं पाणी सालींवरून खाली उतरत होतं.

पहिली धामण देखणी. पीनस्कंधा, उन्नतशिरा, सर्वांगाने डौलदार. बुधाजीने तिला मिठी घालून जाडी मापली आणि कुऱ्हाडीला हात घातला. "हीच," तो म्हणाला. सागाच्या सातही पट्ट्यांच्या वेळी त्याला अशीच खात्री होती.

"रव," शेवंता म्हणाली.

ती झाडाकडे बघत नव्हती. झाडावरून उतरणाऱ्या पाण्याकडे बघत होती. एकतीस वर्षं जिने पाण्याच्या पाठीवरची सुरकुती बघून खालची ओढ ओळखली, ती झाडावरही पाणीच वाचणार. धुक्याचा थेंब फांदीच्या खोबणीतून निघाला, सालीच्या रेघेत शिरला, आणि सरळ खाली यायचं सोडून झाडाला वळसा घालत, प्रदक्षिणा घालत, मागच्या बाजूला नाहीसा झाला.

"बघलंस? पाणी गोल फिरता. हिच्या पोटात पीळ आसा."

बुधाजीने बघितलं. सालीची रेघ खरंच वळत होती, जिन्यासारखी, मंद, फसवी. एवढं देखणं झाड आणि आतून पिळलेलं. ते फाडलं असतं तर पट्ट्या नसत्या निघाल्या, जिलब्या निघाल्या असत्या.

दुसऱ्या धामणीला खालपासून फांद्या. जिथे फांदी, तिथे गाठ. जिथे गाठ, तिथे पाणी अडखळत होतं, थांबत होतं, बाजूने वाट काढत होतं.

तिसरी धामण फणसाच्या सावलीत उभी होती. बारीक, राखाडी, कुणाच्या नजरेत न भरणारी. आयुष्यभर वरच्या एका उजेडाच्या तुकड्याकडे बघत ती वाढली होती. वाटेत फांदी काढायला तिला सवड झाली नव्हती. शेवंता तिच्यापुढे उभी राहिली. वर एक थेंब तयार झाला. मोत्यासारखा फुगला, सुटला, सालीला लागला. आणि खाली आला. सरळ. वळसा नाही, थांबा नाही. ओळंब्याच्या दोरीसारखा, देवळात सोडलेल्या शब्दासारखा, सरळ, सरळ, सरळ, थेट तिच्या पायाच्या अंगठ्याशी.

शेवंताने सालीवर तळवा टेकवला. तळवा ओला झाला.

"पाण्यात येतंस?" तिने झाडाला विचारलं.

झाड काही बोललं नाही. सरकारदरबारी याला संमती समजतात.

झाड पडलं. पाचरी बसल्या. धामण आपल्या धाग्याने उघडत गेली, एखादं पत्र उघडावं तशी, आणि आतून निघाल्या अठरा पट्ट्या: आर्द्र, फिकट, दूधगंधी, टोकापासून टोकापर्यंत एकसंध. जागा सतरा होत्या. पट्ट्या सुकू नयेत म्हणून बुधाजीने घराचं गोणपाट काढून, भिजवून, त्यांच्यावर टाकलं. आता त्या घराला गोणपाटही नव्हतं. शेजारची कोंबडी आत जाऊन राहिली.

माघातल्या एका निरभ्र सकाळी हंडा पुन्हा चढला. बुधाजीने पहिली पट्टी पेटीतून काढली, वर धरली, आणि या प्रसंगी धामणीविषयी दोन शब्द बोलावेत असं त्याला वाटलं. तो दोन शब्द बोलला. शब्द चांगले होते. ते संपेपर्यंत पट्टी थंड झाली होती.

कडाड्.

त्यानंतर त्या मांगरात कुणी भाषण केलं नाही.

पुढची पट्टी काढली ती धावतच. तीस आकडे म्हणेपर्यंत लाकूड मऊ राहतं. एकतिसाव्याला ते पुन्हा लाकूड होतं. शेवंता आकडे म्हणे, बुधाजी दाबे. एक, दोन, तीन. आणि पट्टी वाकली. वाकली म्हणजे नमली नाही, हरली नाही. ओंजळीत पाणी घ्यायला हात जसे आपोआप गोल होतात, तशी गोल झाली. टरफलाच्या पोटाला पोट लावून बसली. तांब्याचा खिळा आत गेला. वाफ वर गेली. फासळी राहिली.

एक बसली. दोन बसल्या. मधून सुरुवात करून पुढच्या टोकाकडे, मग पुन्हा मधून मागच्या टोकाकडे. वाफेत, घामात, आकड्यांत, धामणीच्या ओल्या वासात. पाच. नऊ. तेरा. रिकामी ओंजळ भरत गेली, टरफलाला छाती येत गेली. सोळा. सोळा कमानी, सोळा चंद्रकोरी, सोळा वेळा घेतलेला आणि धरून ठेवलेला श्वास.

सतरावी जागा अगदी मागे होती. सतरावी पट्टी शेवटची होती. तिच्या पोटात, दाण्याएवढी, कुणालाच न दिसलेली एक गाठ होती; धामणीने लहानपणी कधीतरी एक फांदी काढायचा विचार केला होता आणि मग सोडून दिला होता, त्याची खूण.

कडाड्.

शिमगा पंधरा दिवसांवर. दुसरी सरळ धामण बांधावर नाही. बुधाजी रिकाम्या जागेकडे बघत बसला. तेव्हा शेवंता बाहेर गेली आणि आपलं वल्हं घेऊन आली. एकतीस वर्षांचं, मुठीशी झिजून चमकणारं, सासऱ्याच्या हातचं.

"ह्या फाड," ती म्हणाली. "धामणच आसा."

बुधाजीने वल्हं हातात घेतलं. तो मान त्याला कळला. याच मानाने त्याने साग उतरवला होता. त्याने ते वळवून पाहिलं, टिचकी मारली. वल्हं घंटेसारखं बोललं.

"सुको बोंबील," तो म्हणाला, आणि वल्हं परत तिच्या हातात दिलं.

दोघंही हसली. मग थांबली. मग शेवंता म्हणाली, "आणि ह्या सतराव्याचा काय?"

बुधाजी उठला, रिकाम्या जागेपाशी वाकला, फळीवर बोट फिरवलं. होडीचं मागचं टोक. वल्हं मारताना जिथे शेवंताचे पाय असतात, बरोबर तिथे.

"थयसर तू उभी रवतंस," तो म्हणाला, वैद्याने पथ्य सांगावं तसा, "पाय घट्ट रोवन. होडी ओढताना थयसरच धरतंस, गुडघो लावन. मगे आणखी कोण होयी थय? ती फासळी तू."

"आणि मी नसलंय तर?"

"तर होडी कोणाक होयी?"

शेवंताने त्या रिकाम्या जागेत पाय रोवून पाहिले.

शिमग्याला उल्हास आला. बूट घातलेले होते. ते त्याने चिखलाशी येऊन काढले आणि हातात धरले, कारण या गावात ते कुठे ठेवावेत हे त्याला आता आठवत नव्हतं. ओहोटी लागली होती. चिखल दूरवर उघडा पडला होता, रजतकृष्ण, चकाकणारा, आणि त्याच्या कडेला नवी होडी टेकली होती. केवड्याचं बन वर, ऐंशी पावलांवर. किनाऱ्यावर दोन शिक्षिका, पोस्टमन, तलाठी, बुधाजी आणि पेठवाडीहून नुकताच उतरलेला एक बोकड.

शेवंताने होडीचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरलं, सतराव्या जागेला गुडघा लावला, आणि पाठमोरी चालू लागली.

होडी आली. कुरकुरली नाही, रुसली नाही. चिखलावरून पान सरकावं तशी आली. दहा पावलं. वीस. तीस. सोळा फासळ्या चिखलाच्या उंचवट्यावर किंचित मिटत, किंचित उघडत, श्वास घेत आल्या. चाळीस पावलांवर तो उंचवटा होता, जिथे भाद्रपदात जुनी होडी थांबली होती.

तिथे नवी होडीही थांबली.

किनाऱ्यावर सगळं थांबलं. शेवंताचा उजवा खांदा खाली गेला होता. मागची फळी, बिनफासळीची, दाबाखाली हळूहळू बाहेर फुगू लागली. खाली, दूर, पाण्याने कूस बदलली. उल्हासच्या हातातून बूट पडले. तो दोन पावलं पुढे आला, आणि त्याच्या तोंडून डोंबिवली गळून गेली.

"आये! रव, मी येतंय!"

"सर बाजूक!" शेवंता न बघता ओरडली. "हात लावलंस तर मी येवचंय नाय थय, तुकाच हय ठेवतलंय!"

तो थांबला. तिने गुडघा फुगलेल्या फळीवर घट्ट दाबला. फळी आत गेली. गुडघा, मांडी, पाठ, अर्धा उरलेला खांदा, सगळं मिळून एक वळण झालं: अखंड, एकधागी, ताणलेलं, न तुटणारं. वाकली म्हणजे नमली नाही. तीस आकडे म्हणेपर्यंत ती तशी राहिली. आकडे बुधाजी मनात म्हणत होता. एकतिसाव्याला होडी उंचवट्यावरून वर चढली.

मग काय. मग पन्नास पावलं, साठ, ऐंशी. मग केवड्याची काटेरी, सुगंधी सावली. मग शेवंता होडीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "चाय कोण देता काय?"

उल्हास तिच्याजवळ येऊन बसला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. खिशातून त्याने दोन तिकिटं काढली, त्यांतलं एक बघत राहिला.

"हे फुकट गेलं," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा नव्हता.

"कित्या फुकट?" शेवंताने बोकडाकडे बोट केलं. "तेका ने. तेच्याकडे परतीचा नाय आसा."

होडीची नोंद करायला बुधाजीने अर्ज लिहिला. अर्जात फासळ्यांचा रकाना होता. तो भरताना खाडी भरत होती, संध्याकाळ वितळत होती, आणि दूर, भरतीच्या रेषेच्या वर, होडीला टेकून एक आकृती बसली होती. बुधाजीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं:

महोदय, वर फासळ्या सतरा लिहिल्या आहेत. तपासणीस आल्यास सोळा सापडतील. यात चूक नाही. सोळा धामणीच्या. सतरावी शेवंता कुबल, वय चौसष्ट, धागा सरळ, ओल पुरेशी, गाठ एक, ती डोंबिवलीस. सदर फासळी भरतीस होडीच्या आत व ओहोटीस होडीच्या बाहेर असते, परंतु दोन्ही वेळी जागेवर असते. तरी सतराव्या रकान्यात तिचे नाव लावावे. तिला होडीपासून वेगळे मोजू नये, वेगळे हलवू नये, कोणत्याही मजल्यावर नेऊ नये. आणि आपली मंजुरी हाती येईपर्यंत धुके, भरती, ओहोटी व शेवंताचा डावा खांदा यांना आहे तसेच राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.